‘थांब, होतंय’ म्हणणाऱ्या शालनताई

अजूनही ऑफिसची लिफ्ट उशीर करायला लागली की माझ्या कानाशी कुणीतरी म्हणतं, ‘थांब, होतंय.’ मी वळून बघत नाही. मागे कुणी नसतं, हे आता मला पाठ झालंय.

हे शालनताई बर्व्यांचं वाक्य. सिंगापुरात हार्बरफ्रंटला आमच्या शिपिंग कंपनीत त्या कर्मचाऱ्यांच्या विम्याचं काम बघायच्या. क्लेम अडकला? थांब, होतंय. विमा कंपनीचं पत्र येत नाही? थांब, होतंय. पॅन्ट्रीतली किटली तापत नाही? तेच. शेजारच्या टेबलावरची मेई लिंग हे वाक्य चक्क मराठीत म्हणायची, वर आपलं सिंगापुरी शेपूट जोडून, ‘थांब, होतंय ला!’ आणि गंमत अशी, की ताई म्हणाल्या की ते खरंच व्हायचं. म्हणून तर सगळे थांबायचे.

ठेंगणी मूर्ती, एसीची थंडी बाधते म्हणून बारा महिने अंगात राखाडी स्वेटर, आणि घट्ट अंबाड्यात आडवी खोचलेली पेन्सिल. कुणी रडत आलं, चिडून आलं, तरी ताई आधी ती पेन्सिल उपसायच्या आणि त्याचा फॉर्म भरायला घ्यायच्या. माणूस बोलत राहायचा, त्या लिहीत राहायच्या. त्याचं बोलणं संपेपर्यंत फॉर्म तयार. मग त्याच्या हातात शाईचं पेन द्यायच्या आणि फक्त सही घ्यायच्या. तारखेची जागा रिकामी. ‘काम झालं की तारीख,’ म्हणायच्या. ‘आधी तारीख घातली की विमा कंपनीला खोड काढायला जागा मिळते.’ त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात असे सही केलेले, बिनतारखेचे फॉर्म पडलेले असत. एकेक काम झालं की एकेक बाहेर निघे.

एकदा तुआसच्या गोदामातल्या एका माणसाची सही जुळेना म्हणून त्याचा दाढेचा क्लेम परत आला. दुसऱ्या कुणी ईमेल टाकून दिली असती. ताई जेवणाच्या सुट्टीत एमआरटीची मेट्रो, पुढे बस, असं करत पार शहराच्या टोकाला तुआसला जाऊन सही घेऊन आल्या. येताना त्या माणसाने प्रेमाने अर्धा फणस दिला. ट्रेनमध्ये बंदी असलेलं ते वासाचं ड्युरियन समजून एमआरटीत लोक नाक मुरडायला लागले, तर ही बाई डबाभर लोकांना समजावत आली, ‘नॉट ड्युरियन! फणस! फणस!’ ऑफिसात आल्यावर दोन दिवस फाइलींना फणसाचा वास येत होता.

आणि मग ते कलम.

आमच्या पॉलिसीच्या शेवटी, काय काय मिळणार नाही याची एक लांबलचक यादी होती. ताई ती हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत थोसई, म्हणजे आपला डोसा, खाता खाता मोठ्याने वाचायच्या. कथेला बसल्यासारखा मी ऐकायचो. ‘चष्मा नाही. केस गळणं नाही. पॅराशूटमधून उडी नाही. आणि हे बघ मंदार, गर्भनिरोधन नाही. गोळ्या नाहीत, तांबी नाही, शस्त्रक्रिया नाही. म्हणजे विमानातून उडी मारणारा आणि दुसरं मूल नको म्हणणारी बाई एकाच ओळीत. लिहिलंय कुणी रे हे?’

‘कुणीतरी बाप्यानंच,’ मी म्हणालो.

‘ते तू सांगायला नको. अक्षरावरनं कळतं,’ त्या छापील कागदाकडे बघून म्हणाल्या आणि चटणीत बोट बुडवून त्या ओळीखाली एक रेघ ओढली. नंतर वर्षभर त्यांच्या त्या प्रतीवर नारळाच्या चटणीचा डाग होता.

हे कलम काढायचं, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलं कोण जाणे. पण शिरलं ते शिरलं. त्या वर्षी संक्रांतीला आंग मो कियोच्या त्यांच्या फ्लॅटवर हळदीकुंकू होतं. ताईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी हळदीकुंकू त्या करायच्याच, आणि बोलावताना विधवा, घटस्फोटित, बिनलग्नाची, सगळ्यांना बोलवायच्या. कुणी कुरकुर केली तर म्हणायच्या, ‘घर माझं, कुंकू माझं, तीळगूळ मीच केलाय. तुला कशाचा त्रास होतोय नेमका?’ तर त्या वर्षी वाण म्हणून बायकांच्या हातात वाटी नाही, डबी नाही, एक पाकीट. घरी येऊन माझ्या बायकोनं ते उघडलं. आत एक कार्ड. एका बाजूला, तुमच्या नवऱ्याच्या किंवा तुमच्या ऑफिसच्या विम्यात बहुधा काय बसत नाही ते. दुसऱ्या बाजूला, एचआरला विचारायचे पाच प्रश्न. सगळं सुवाच्य, मराठीत आणि इंग्रजीत.

तिथेच एकीनं पाकीट फोडलं होतं म्हणे. ती लालबुंद. ‘अहो ताई, सणासुदीला हे काय? मुलं आहेत घरात!’

‘अगं, मुलं आहेत म्हणूनच,’ ताई म्हणाल्या. ‘वाण म्हणजे उपयोगाची वस्तू. वाट्या तुझ्याकडे चाळीस असतील.’

तेवढ्यात तिच्या मुलीनं कार्ड उचलून इंग्रजी बाजू खणखणीत वाचायला सुरुवात केली, ‘मम्मी, वॉट इज स्टेरिलायझेशन, आह?’ बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माझी बायको सांगत होती, निघताना मात्र तिघी-चौघी हळूच परत आल्या आणि बहिणीसाठी, मैत्रिणीसाठी म्हणून एकेक जास्तीचं पाकीट घेऊन गेल्या.

त्या हळदीकुंकवाला रेवती होती. रेवती माझ्याच टीममध्ये, सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. तेहतीस वर्षांची, हसरी, चिंचवडची. नवरा तुआसला इंजिनिअर, दीड वर्षाची मुलगी. बाळंतपणानंतर ती ऑफिसात परत आली तेव्हापासून जिना चढताना मध्येच थांबायची, कठड्याला धरून फोन बघितल्यासारखं करायची. मी एकदा वरच्या पायरीवरून ओरडलो होतो, ‘काय रेवती, म्हातारी झालीस का?’ ती हसली. तो विनोद मी केलाय. तो कुणी पुसून देईल तर बरं होईल.

पुढे दिवाळीच्या सुमारास ताई एक दिवस हॉकर सेंटरमध्ये थोसईला हात न लावता बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘मंदार, एक मुलगी आहे. पहिल्या बाळंतपणात हृदय कमजोर झालंय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, दुसरं मूल अजिबात नाही, जिवावर बेतेल. साध्या गोळ्या तिला चालत नाहीत. हृदयवाल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हॉस्पिटलात भरती होऊन ऑपरेशन करायला हवं. आणि आपली पॉलिसी म्हणते, गर्भनिरोधन, बसत नाही.’

‘पण हे तर औषधोपचारच झाले की.’

‘अरे, मी तीन पत्रं लिहिली. उत्तर एकच. आजार असेल तर देऊ, गर्भधारणा टाळणं हा आजार नाही.’

‘कोण मुलगी?’

‘नाव सांगायचं नसतं,’ ताई म्हणाल्या. या बाबतीत त्या कडक होत्या. मी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं, अशी मी माझी समजूत घालत असतो.

कंपनीत सात जणांची एक समिती होती. विम्यात काय घ्यायचं, काय नाही, ते ती ठरवायची. विमा कंपनी कलम काढायला तयार होती, समितीनं हो म्हटलं की पुढच्या महिन्यापासून लागू. चार हात वर यायला हवे होते. मी त्या वर्षी कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून त्या समितीत होतो. ताईंनी बोटं मोजली. ‘मेई लिंग एक, जहाजांकडचे कॅप्टन दोन, डॉक्टरीणबाई तीन. चौथा तू. हो ना?’

‘हे काय विचारणं झालं ताई? माझा हात तुमचाच.’

नोव्हेंबरातल्या त्या बैठकीत ताई उभ्या राहून बोलल्या. समितीचे अध्यक्ष म्हणजे आमचे विभागप्रमुख. सभ्य माणूस, कधी आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘शालन, हा देश मुलं व्हावीत म्हणून लोकांना बोनस देतो. आणि आपण ती न होण्यासाठी विमा द्यायचा? बाहेर बातमी गेली तर कसं दिसेल?’ दुसरे एक म्हणाले, हा ज्याच्या त्याच्या राहणीचा प्रश्न आहे, त्याचा भार सगळ्यांनी का उचलायचा. तिसऱ्या बाई म्हणाल्या, माझ्या धर्मात हे बसत नाही, मी मनापासून नाही म्हणते. त्यांचा मला राग आला नाही, त्यांनी निदान स्वतःचं मन सांगितलं. ते दुसरे पुन्हा म्हणाले, अमेरिकेत यावरून निवडणुका लढवतात, आपण कशाला हे राजकारण ऑफिसात आणायचं?

ताईंनी सगळ्यांना ऐकून घेतलं. म्हणाल्या, ‘बाळंतपण हाही आजार नाही. तो खर्च आपण देतो. मूल होऊ द्यायचं असेल तर बाई आपली, होऊ द्यायचं नसेल तर तिची ती, असं कसं चालेल? मी मूल नको म्हणायला आले नाहीये. मी एक बाई वाचवायला आलेय. ती आज थांबलीय. या खोलीतून मी काय घेऊन जाते यावर थांबलीय.’

अध्यक्ष म्हणाले, ‘बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत.’

मेई लिंगचा हात गेला. कॅप्टनचा गेला. डॉक्टरीणबाईंचा गेला. ताईंनी माझ्याकडे बघितलं.

माझ्या बढतीचा कागद त्या आठवड्यात अध्यक्षांच्या टेबलावर होता, हे खरं. पण ते कारण मी नंतर शोधलं. खरं कारण फार क्षुल्लक होतं. मला लाज वाटली. एवढ्या लोकांच्या देखत, बायकांच्या असल्या विषयावर हात वर करायची लाज वाटली. मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला. घोट घेतला. घोट संपेपर्यंत अध्यक्ष म्हणाले, ‘तीन. ठीक आहे, जानेवारीत पुन्हा बघू.’ मी ग्लास खाली ठेवला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, ‘ताई, माझ्या हातात ग्लास होता हो.’

‘दिसला,’ ताई म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अंबाड्यातली पेन्सिल नीट केली आणि म्हणाल्या, ‘ठीक आहे. जानेवारीत करशील. तिला सांगते, थांब, होतंय.’

जानेवारीत अध्यक्ष प्रवासात होते, बैठक पुढे गेली. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला, हेही सांगून टाकतो. फेब्रुवारीत रेवती रजेवर गेली. रजा मीच मंजूर केली, ‘गेट वेल सून’ असं इंग्रजीत लिहून. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला. तो नीट बोलू शकत नव्हता.

मंडाईच्या दाहगृहात ऑफिसातले वीस-पंचवीस जण होते. रेवतीची मुलगी कुणाच्या तरी कडेवर झोपली होती. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. डोळे कोरडे. मी जवळ गेलो तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘तीच रे ती.’

मला क्षणभर कळलंच नाही. आणि मग कळलं.

ताई बोलत राहिल्या, एका सुरात, फॉर्म वाचून दाखवावा तशा. ‘दिवस गेल्याचं तिला उशिरा कळलं. डॉक्टरांनी गर्भपात करायचं ठरवलं, तारीखही दिली. तारखेच्या आधीच हृदयानं साथ सोडली. दिवाळीत ती पैसे भरून ऑपरेशन करून घ्यायला तयार होती, मंदार. नवरा म्हणत होता, कशाला वाट बघायची? मीच तिला थांबवलं. माझ्याकडे दुसरी केस नव्हती. तिनं स्वतःच करून घेतलं असतं, तर समिती म्हणाली असती, बघा, लोक करतात की आपलं आपण. मला पहिला क्लेम हवा होता. तिचा हवा होता. ती म्हणाली, ताई, तुम्ही म्हणता ना, मग थांबते.’

मी म्हणालो, ‘ताई, चूक माझी आहे.’

‘तुझी आहेच,’ त्या म्हणाल्या. ‘पण माझी तुझ्यात मिसळू नकोस. माझी वेगळी आहे.’

एप्रिलमध्ये ते कलम निघालं. पाच मिनिटांत, चर्चा न होता. समितीची माझी मुदत तोवर संपली होती. माझ्या जागी आलेल्या मुलीनं हात वर केला, अध्यक्षांनीही केला. ताईंना सगळ्यांनी अभिनंदनाचा केक आणला. त्यांनी सुरी हातात घेतली, केकवर टेकवली आणि तशीच ठेवून जागेवर जाऊन बसल्या. केक संध्याकाळपर्यंत पॅन्ट्रीत अख्खा राहिला.

त्यानंतर ऑफिसात कुणी ताईंच्या तोंडून ‘थांब, होतंय’ ऐकलं नाही. उलटंच झालं. कुणी काही विचारायला आलं की त्या म्हणायच्या, ‘थांबू नकोस. आत्ता जा. पैसे भर, पावती आण, मग माझ्याशी भांड.’ लिफ्टसाठी थांबेनात, अकरा मजले उतरून जायला लागल्या. हॉकर सेंटरमध्ये रांग दिसली की परत फिरायच्या. मेई लिंगनं एकदा चुकून ते जुनं वाक्य म्हटलं, शेपटासकट. ताईंनी तिच्याकडे असं बघितलं, की ती बिचारी टॉयलेटमध्ये जाऊन रडली. रेवतीच्या खुर्चीवर नवी मुलगी आली होती. ती जिन्यात कधी दम खायला थांबली, तर ताई वरून दुडदुडत खाली यायच्या आणि तिचा हात धरून विचारायच्या, ‘काय होतंय? कधीपासून होतंय?’ ती पोरगी मला म्हणाली, ‘सर, त्या मॅडम मला घाबरवतात.’

त्यांनी राजीनामा दिला त्या दिवशी टेबल आवरायला मी गेलो. वरचे खण रिकामे झाले. खालचा खण त्यांनी स्वतः उघडला. आत एकच फॉर्म. पेन्सिलीनं भरलेला, ताईंच्या त्या सुरेख अक्षरात, नाव, वर्क-पासचा नंबर, हॉस्पिटल, शस्त्रक्रियेचं नाव. खाली शाईनं रेवतीची सही, शेवटच्या अक्षराला ती देते तशी गोल गाठ. तारखेची जागा रिकामी.

‘खोडून टाकू का?’ ताईंनी मला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माझा सल्ला विचारत होत्या. ‘पेन्सिल खोडता येईल. सही नाही खोडता येणार.’

त्यांनी फॉर्म घडी न घालता पिशवीत उभा ठेवला. त्या रात्रीपासून तो फॉर्म मला दिसतो. स्वप्नात मी तारीख घालायला जातो आणि पेन चालत नाही. बायको म्हणते, कुणाशी तरी बोल. मी म्हणतो, बोलतोय की.

ताई सिंगापूर सोडून पुण्याला गेल्या असं कुणीतरी म्हणालं, आणि मी ते मानून टाकलं. सोयीचं होतं.

परवा आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला आंग मो कियोच्या सरकारी पॉलिक्लिनिकला गेलो होतो. बायकांच्या विभागाबाहेर खुर्च्यांची रांग. तिथे ताई बसल्या होत्या. तोच राखाडी स्वेटर. अंबाडा पांढरा झालाय, पेन्सिल नव्हती. शेजारी एक तरुण मुलगी बसली होती, आपली मराठी असावी, फार घाबरलेली. तिची पर्स ताईंच्या मांडीवर होती आणि तिचा हात ताईंच्या हातात. ताई तिला हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. नंतर मला कळलं, त्या रोज येतात. कुणाच्या कोण नाहीत. कुणी एकटी असेल, तपासणीची तारीख पुढे ढकलायच्या बेतात असेल, तर ती आत जाईपर्यंत तिच्याबरोबर बसतात. तिथल्या नर्सेसना त्या कुणाच्या तरी आई वाटतात.

मुलीचा नंबर लागला. ताई तिच्याबरोबर उठल्या, दारापर्यंत गेल्या, तिला आत पाठवलं आणि वळल्या. रांगेच्या दुसऱ्या टोकाला मी उभा होतो. काय करावं कळेना, म्हणून ओळख द्यायला मी हात वर केला. चांगला खांद्याच्या वर, पाचही बोटं उघडी.

ताईंनी माझ्याकडे नाही, त्या हाताकडे बघितलं. बराच वेळ. मला तो खालीही घेता येईना.

मग त्या म्हणाल्या, रागानं नाही, खरंच नवल वाटल्यासारखं, ‘होतो की रे वर.’

आणि वळून दाराशेजारच्या खुर्चीत, ती मुलगी बाहेर येण्याची वाट बघत बसल्या.